कोणाला कोणतं पुस्तक?

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या मुलचेऱ्याच्या अभ्यासिकेत ‘शनिवारचं पुस्तक’ सुरू करायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच, की माझं एम.ए. मराठीत झालेलं. शनिवारी संध्याकाळी एका पुस्तकाविषयी वीसेक मिनिटं बोलायचं आणि बाहेरच्या फळ्यावर त्याच्याबद्दल चार ओळी लिहायच्या. सूचना एकच होती, ‘विचार बदलणारी पुस्तकं घ्या, मॅडम.’ कोणाचे विचार, आणि कशापासून कशाकडे बदलायचे, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

कॉलेजात मी परीक्षण लिहायला शिकले ते ठरावीक होतं. लेखकाची ओळख, कथानक, व्यक्तिरेखा, भाषाशैली आणि शेवटी ‘संग्राह्य’ असा शिक्का. ‘ललित’सारखं पुस्तकांना वाहिलेलं मासिक १९६४ पासून निघतंय, त्यातली परीक्षणं मी चवीनं वाचायची. पण ती वाचणारा माणूस निदान पुस्तकाच्या दुकानापर्यंत पोहोचू शकतो. मुलचेऱ्यात कादंबरी विकत घ्यायची तर चंद्रपूर नाहीतर नागपूर गाठावं लागतं. अभ्यासिकेत येणारी बहुतेक पोरं पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी यांच्या तयारीतली. कोणाच्या घरी माडिया बोलतात, कोणाच्या घरी बंगाली, कोणाच्या तेलुगू. मराठी सगळ्यांना येते, पण ती शाळेतली. या मंडळींपुढे ‘लेखकाची चिंतनगर्भ शैली’ वगैरे म्हणायचं कसं, हेच मला पहिल्या दिवशी कळेना.

कपाटातलं कोणतं पुस्तक सगळ्यात जास्त हाताळलं गेलंय ते आधी पाहिलं. ‘मन में है विश्वास’. विश्वास नांगरे पाटलांच्या या आत्मकथनाचे कोपरे पार मऊ झाले होते. भरतीच्या पोरांना ते का आवडतं हे उघड आहे, खेड्यातला पोरगा वर्दीपर्यंत पोहोचतो. बाकी पुस्तकांबद्दल त्यांचा एकच प्रश्न असायचा, ‘परीक्षेला येते का जी?’ मी ‘नाही’ म्हटलं की पोरगा अदबीनं मान हलवून चालू घडामोडींचं मासिक उघडायचा. त्याचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. वय निघून चाललेल्या माणसाला त्याची घाई पुरेशी असते.

म्हणून मी जिल्ह्यातलंच पुस्तक घेतलं, डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आलेला डॉक्टर स्वतःचंच आयुष्य तपासायला घेतो, हे सांगताना माझी मलाच रंगत चढली. मागच्या रांगेतले एक काका फार मन लावून ऐकत होते. संपल्यावर उभे राहून म्हणाले, ‘एकदम पटलं जी! माणसानं शरीराकडं ध्यान द्यायलेच पाहिजे.’ एवढं बोलून त्यांनी खिशातून पन्नी काढली, तंबाखू-सुपारीचा खर्रा तळहातावर घेतला आणि गालात दाबला. टाळ्याही पडल्या. पुस्तक पटणं आणि पुस्तकानं माणूस हलणं यांच्यात किती अंतर असतं, ते मला त्या पन्नीच्या आवाजानं कळलं. पण ते अंतर परीक्षण लिहिणाऱ्यानं कसं पार करायचं, याचा पत्ता लागेना.

पुढच्या खेपेला बचत गटाच्या बाया आल्या. मी डॉ. राणी बंग यांचं ‘गोईण’ घेतलं होतं. या भागातल्या बायांचं झाडांशी असलेलं नातं, झाडांचे उपयोग, त्यांच्याबद्दलच्या समजुती, असं सगळं त्यात आहे. मोह, तेंदू, चार, हिरडा अशी नावं घेत गेले तशा बाया एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. शेवटी एकीनं विचारलंच, ‘बाई, हे त आमाले मालूमच आहे. पुस्तकात कायले लिवलं?’ मी गप्प. तेवढ्यात तिच्या शेजारची म्हणाली, ‘लिवणारी डॉक्टरीन आहे म्हणता ना? अन् तिनं बायांले इचारून लिवलं?’ मी होकार दिला. मग कोणतं झाड कोणाच्या सांगण्यावरून आलं असेल, आपल्याकडे त्याला काय म्हणतात, पुस्तकात काय सुटलं, यावर त्यांचं असं काही जुंपलं की माझी वीस मिनिटं त्यांनीच घेतली. झाडांविषयीचं त्यांचं मत तसूभरही बदललं नाही. आपल्याला येतं ते विचारायला डॉक्टर येते आणि ते पुस्तकात बसतं, ही गोष्ट त्यांना नवी होती. मी तयारी केलेल्या टिपणात ती कुठेच नव्हती.

माझा गोंधळ वाढला तसं मी मागचं वाचायला घेतलं. आपल्याकडे पुस्तकं पारखणाऱ्या थोरांनी हे कसं केलं असेल? पहिला धक्का विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी दिला. १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ काढली. मराठी टीकेचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. त्याच मालेत त्यांनी जोतीराव फुल्यांच्या लिखाणाची आणि त्यातल्या व्याकरणाची थट्टा उडवली. फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ती अर्पण केलेली. महाराष्ट्राची विचार करण्याची रीत ज्या पुस्तकांनी मुळापासून हलवली त्यांत तिचा नंबर वरचा, आणि त्या काळच्या सर्वांत तल्लख परीक्षकाला तिच्यात सापडल्या त्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका. एवढ्या मोठ्या माणसाचं हे, तर माझ्या फळ्यावरच्या चार ओळींचं काय, असं वाटून मला उलट जरा धीर आला.

दुसरं नाव कृष्णाजी अर्जुन केळूसकरांचं, म्हणजे दादा केळूसकरांचं. मुंबईत शिक्षक असलेले हे गृहस्थ चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तिथे एक शाळकरी पोरगा रोज वाचत बसलेला दिसे. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढवली, त्याला पुस्तकं देऊ लागले. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला, त्याचा सत्कार झाला, तेव्हा केळूसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं मराठी चरित्र त्याच्या हातात ठेवलं. तो पोरगा भीमराव आंबेडकर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि १६ तारखेला बाबासाहेब आमच्या चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला आले, तिथेही दीक्षेचा सोहळा झाला. चांद्याची दीक्षाभूमी आमच्या भागातल्या कित्येक घरांना ठाऊक आहे. तिच्याशी जोडलेलं, १९०७ साली दिलेलं ते पुस्तक मात्र मला नव्यानं कळलं. मधे एकोणपन्नास वर्षं गेली. केळूसकर १९३४ मध्येच वारले होते.

या हकिकतीत मला दोन गोष्टी दिसल्या. केळूसकरांनी आधी पोरगा पाहिला, पुस्तक नंतर दिलं. आणि त्याचं पुढे काय झालं ते बघायला ते नव्हते. मी नेमकं उलट्या बाजूनं निघाले होते. आधी पुस्तक ठरवायचं, मग समोर कोण बसलंय ते बघायचं, आणि त्याच संध्याकाळी विचार बदलल्याची पावती मागायची.

आमच्या अभ्यासिकेत वर्तमानपत्र वाचायला एक बंगाली आजोबा येतात. सगळे त्यांना दादू म्हणतात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना १९६० नंतरच्या काळात या भागात वसवलं, त्यांतलं त्यांचं घर. चष्मा पुसत ते एकदा म्हणाले, ‘मा, तू आमचं एक पुस्तक सांग. विभूतिभूषणचं आरण्यक.’ १९३९ ची ती बंगाली कादंबरी. मी मराठी अनुवाद मागवून वाचला. कलकत्त्याचा सत्यचरण बिहारमधल्या एका जमीनदारीवर नोकरीला जातो. तिथलं जंगल कुळांना वाटून लागवडीखाली आणायचं, हेच त्याचं काम. तो जंगलाच्या प्रेमात पडतो आणि त्याच हातानं ते संपवतो. तिथे त्याला दोब्रू पन्ना नावाचा संथाळांचा म्हातारा राजा भेटतो. त्याला आता राज्य उरलेलं नाही. त्याची पणती भानुमती हिला सत्यचरण विचारतो की भारतवर्षाचं नाव ऐकलंय का. तिनं ते ऐकलेलं नसतं.

त्या शनिवारी मी आधी पाहिलं, कोण कोण आलंय. दादू होते. भरतीवाली पोरं होती. आणि बारावी झालेली एक माडिया मुलगी होती. ती रोज यायची पण कधी बोलायची नाही. मी शैली-बिली बाजूला ठेवली, पुस्तकात काय घडतं ते सांगितलं आणि थांबले.

दादू म्हणाले, ‘माझा बाप यातला कोण? जमीन मागायला आलेला भुकेला माणूस. बुंधे उपटून त्यानं बांधी केली. विभूतिभूषणनं त्याची भूक पण लिहिली आहे.’

मुलगी खाली बघून बोलली. ‘त्यानं तिला विचारलं, भारत माहीत आहे का. तिनं त्याला विचारलं का, तुला आमचं राज्य माहीत होतं का?’

‘नाही,’ मी म्हटलं. पुस्तकात तो प्रश्न नाहीच. मग भरतीच्या पोरांपैकी एकानं चटकन सांगितलं की चांद्याचं गोंड राज्य १७५१ मध्ये भोसल्यांकडे गेलं. परीक्षेला येते म्हणून त्याला पाठ होतं. मुलीनं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘अन् त्याच्या आधी किती वर्षं होतं?’ त्यानं पुस्तक चाळायला घेतलं. दादूंनी खुर्ची पुढे ओढली. अभ्यासिका बंद करायची वेळ टळून गेली तरी कोणी उठेना.

त्या संध्याकाळी कोणाचे विचार बदलले? मला माहीत नाही. दादू आपल्या बापाच्या बाजूनं अजून ठाम आहेत, मुलगी तिच्या प्रश्नावर. फळ्यावर मात्र मी आता वेगळं लिहिते. पुस्तकात काय आहे, त्याच्याशी कोणाचं भांडण होऊ शकेल, आणि आपल्या गावात ते कोणाला जास्त कळेल. ‘जरूर वाचा’ लिहायचं सोडून दिलं. भरतीच्या पोराला नेमकं काय द्यावं, हे अजूनही उमगलेलं नाही. त्याच्याशी जरा जास्त बोलावं लागेल.

‘आरण्यक’ ती मुलगी घरी घेऊन गेली आहे. रात्री वाचून बापाला माडियात सांगते म्हणाली. त्याचं पुढे काय होईल ते कळायला केळूसकरांइतका वेळ लागला तरी माझी तक्रार नाही. परतीची तारीख तेवढी नोंदवहीत लिहून घेतली आहे, कारण प्रत एकच आहे आणि तिच्यामागे दादूंनी नंबर लावलाय. मराठीत ते कसं लागतं, ते त्यांना बघायचंय.