शेतातला ट्रॅक्टर दक्षिण ध्रुवावर

दोस्तांनो, ॲटलास उघडा आणि अंटार्क्टिकाचं पांढरंशुभ्र पान काढा. न्यूझीलंडच्या बाजूला रॉस समुद्र दिसेल. तिथल्या रॉस बेटावर बोट ठेवा. इथे १९५७ सालापासून न्यूझीलंडचा ‘स्कॉट बेस’ हा तळ आहे. आपल्याला इथून दक्षिण ध्रुवावर जायचंय. वाट सुमारे दोन हजार किलोमीटरची, आणि बसायचं ट्रॅक्टरवर!

हसू नका. तेनसिंगबरोबर एव्हरेस्ट चढलेले एडमंड हिलरी १४ ऑक्टोबर १९५७ रोजी इथून निघाले, ते तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन. नांगरटीला वापरतात तसले, जेमतेम २८ हॉर्सपॉवरचे! जोडीला बर्फासाठीच बनवलेली ‘वीझल’ नावाची गाडी होती.

आता भुसभुशीत बर्फात ट्रॅक्टर चालणार कसा? भाताच्या खाचरात तो रुतताना पाहिलाय ना? चाक जमिनीला टेकतं थोड्याशाच जागेवर, आणि सगळा भार तिथे पडतो. म्हणून तर चिखलणीला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात. हिलरींच्या ट्रॅक्टरना त्याहून मोठी युक्ती केली होती. पुढचं चाक, मागचं चाक आणि मध्ये बसवलेलं एक जादा चाक, या तिन्हींभोवती रणगाड्यासारखा पट्टा चढवला. भार लांबरुंद पट्ट्यावर पसरला, की बर्फात रुतणं कमी. गंमत म्हणजे पट्टा चढला की पुढची चाकं वळत नाहीत. मग डावीकडे जायचं तर डाव्या बाजूचा ब्रेक दाबायचा!

चला तर. आधी सपाट बर्फ, मग स्केल्टन हिमनदीचा लांबलचक चढ, की आलंच पठार. उन्हाळ्याचे दिवस, रात्र होतच नाही. पण थंडी मात्र हाडं गोठवणारी. बसायला नुसत्या कापडाचा आडोसा. आणि पायाखाली? बर्फाच्या पातळ थराखाली लपलेल्या खोल भेगा! पट्टा भेगेत पडण्यापासून वाचवत नाही, बरं का. म्हणून ट्रॅक्टर एकमेकांना दोराने बांधलेले. एक खचला तर बाकीच्यांनी धरून ठेवायचा.

वाटेत एक गाडी कायमची बंद पडली. कुठली, सांगा बघू? बर्फासाठी बनवलेली वीझल! ट्रॅक्टर मात्र चालत राहिले.

खरं तर हिलरींचं काम फक्त वाटेत इंधनाचे साठे ठेवण्याचं होतं. पलीकडून, सगळा खंड ओलांडून, व्हिव्हियन फुक्स यांची तुकडी येत होती, साठे तिच्यासाठी. शेवटचा साठा, ‘डेपो ७००’, १५ डिसेंबरला ठेवून झाला. आता परत फिरायचं? हिलरी पुढे निघाले! काहींना हे मुळीच रुचलं नाही. मला विचाराल तर त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. वाटेत इंधन संपलं असतं तर?

पुढे बर्फ इतका मऊ लागला, की घसरगाड्यांवरचं सामान टाकून ओझं हलकं करावं लागलं. पठार चांगलं अडीच हजार मीटरच्या वर, हवा विरळ. त्यामुळे इंजिनाचा जोरही कमी. तरी ४ जानेवारी १९५८ रोजी हिलरी, मल्ग्रू, एलिस, बेट्स आणि राइट हे पाच जण ध्रुवावरच्या अमेरिकन तळावर पोचले. इंधन उरलं होतं फक्त नव्वद लिटरच्या आसपास. १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आले, त्यानंतर जमिनीवरून इथे आलेली ही पहिलीच तुकडी. आणि वाहनातून आलेली तर आजवरची पहिली!

ट्रॅक्टर तिथेच ठेवून पाचही जण विमानाने परतले. पुढे हिलरी ‘डेपो ७००’ला जाऊन फुक्सना भेटले, आणि २ मार्चला ती तुकडीही सुखरूप स्कॉट बेसला आली.

१९९२ साली न्यूझीलंडने पाच डॉलरची नवी नोट काढली. तीवर हिलरी आहेत. कोपऱ्यात नीट बघा, पट्टेवाला ट्रॅक्टरही सापडेल.