वारज्याचे स्मृतिवन: झाड लावल्यानंतरचा खर्च

कोंढव्याहून कात्रजमार्गे मुंबई-बंगळूर महामार्गाला लागले की नवले पुलाच्या पुढे वारजे येते. आमच्या दादींच्या इंतकालाला वर्ष झाले, तेव्हा त्यांच्या नावाने सदका-ए-जारिया म्हणून झाड लावायचे घरात ठरले. त्यासाठीच आम्ही मुलांसह वारज्याचे स्मृतिवन पाहायला गेलो. ट्रकांचा आवाज मागे राहतो आणि चढण सुरू होते.

ही 16.8 हेक्टरची, म्हणजे सुमारे साडेएक्केचाळीस एकरांची टेकडी एके काळी उघडीबोडकी होती. जमीन वनखात्याची. 2015 मध्ये वनखाते, पुण्याचे टेर पॉलिसी सेंटर, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आणि नागरिक एकत्र आले. 5 जून 2020 रोजी केंद्र सरकारने पाच वर्षांत 200 शहरी वने उभारण्याची नगर वन योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून वारज्याचेच नाव घेतले. त्या वेळच्या सरकारी निवेदनात इथल्या वनस्पतींच्या 23, पक्ष्यांच्या 29 आणि फुलपाखरांच्या 15 जाती मोजल्या होत्या. मुलांना फुलपाखरांच्या चार जाती दिसल्या, आणि उरलेल्या अकरा कुठे गेल्या म्हणून ती परतीच्या वाटेवर हुज्जत घालत होती.

आमचे लक्ष मात्र पाण्याच्या नळ्यांकडे होते. पुण्याच्या टेकड्यांवर काळ्या खडकावर जेमतेम वीतभर माती असते. जुलैत लावलेले रोप दिवाळीपर्यंत टवटवीत दिसते. खरी कसोटी मार्च ते मे. निदान तीन उन्हाळे त्याला पाणी द्यावे लागते. फेब्रुवारीपासून गवत वाळते आणि एका विडीच्या थोटकानेही पेटते, म्हणून आधीच गवत काढून जाळरेषा आखाव्या लागतात. कुंपण तुटते, रात्री राडारोडा टाकायला गाड्या येतात. या सगळ्याला माणूस लागतो, आणि माणसाला पगार लागतो.

झाडे लावायला पैसा मिळतो. नगर वन योजनेला तो कॅम्पा निधीतून येतो. खाणीसाठी वा रस्त्यासाठी जंगलाची जमीन घेणाऱ्यांकडून भरपाई म्हणून गोळा झालेला हा पैसा. त्याचा कायदा 2016 चा. (कुठेतरी जंगल गेले, त्याच्या भरपाईवर शहरात जंगल उभे राहते, हेही लक्षात असू द्यावे.) योजनेत हेक्टरी चार लाखांपर्यंत मदतीची तरतूद होती. त्या मापाने वारज्याएवढ्या टेकडीला 67 लाख 20 हजार. रक्कम मोठी वाटते, पण कुंपण, रोपे, टाकी, पायवाटा यांत ती विरघळते. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. पण त्यातला चालू प्रकल्पही सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांत आटोपावा लागतो. धावड्याचे झाड तेवढ्यात धड सावलीही देत नाही.

वारज्याची जमीन निदान सरकारचीच होती. शहरात 1997 साली आलेल्या गावांतल्या 978 हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. 2015 मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि जमीनमालकांना 8 टक्के टीडीआर ठरला. एवढी वर्षे वाद चालला तो जमीन घ्यायची कशी, मोबदला किती यावर. घेतल्यावर राखणार कोण, हा प्रश्न आम्हाला त्याहून मोठा वाटतो. बिनराखणीची टेकडी प्लॉट पाडणाऱ्यांना आयतीच सापडते.

आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे. हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये जमीन मिळाली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सल्ल्याने त्यांनी मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न वक्फ केले. ती विकायची नाही, भेट द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. आणि एक अट अशी, की जो तिची देखभाल करील त्याने त्यातून रास्त तेवढे खावे. गोरगरिबांच्या जोडीने राखणाऱ्याचा वाटाही पहिल्याच दिवशी ठरलेला होता.

टेकडीला भाडे येत नाही, पीक निघत नाही. ठेवीवर चालवायचे म्हटले तर व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत लगेच निघेल. मग राहतो तो मोहल्ल्याच्या मशिदीचा मार्ग. बांधकामाला देणगी भरभरून येते, पण मुअज्जिनचा पगार दरमहा घरोघरच्या चंद्यातूनच निघतो. समजा दोन रखवालदार, प्रत्येकी 15 हजार, म्हणजे महिना 30 हजार. पाचशे घरांनी 60 रुपये दिले की झाले. डॉ. सलीम अली यांनी गेटी पुरस्काराचे 50 हजार डॉलर निसर्गरक्षणाच्या निधीत घातले होते. इथे तेवढ्या मोठ्या हाताची गरज नाही.

पावती मात्र हवीच. पैसे वनखात्याशी करार असलेल्या संस्थेच्या खात्यात जावेत आणि जमाखर्च दरवर्षी प्रवेशद्वारावर लागावा, एवढे आम्ही धरून बसलो आहोत. हा हिशेब आमच्या इमारतीत फिरवला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खाला म्हणाल्या, "झाड नको, माझ्या नावाने पाणी घाला." आतापर्यंत अकरा घरांनी होकार दिला आहे.