विसण

कढत पाण्यात गार पाणी ओतून ते अंगाला सोसेल इतके निववणे याला आमच्या घरात ‘विसणणे’ म्हणत, आणि त्यासाठी न्हाणीच्या कोपऱ्यात जे गार पाणी भरून ठेवलेले असे त्याला ‘विसण’. मला कळू लागल्यापासून तरी माझ्या आजीचा पहाटेचा प्रहर या दोन पाण्यांचा मेळ घालण्यात गेला. पावसाळ्यात लाकडे ओली असत, गोवऱ्या सादळलेल्या असत, फुंकणीने फुंकता फुंकता तिचे डोळे लाल होत. परंतु घरातल्या अकरा माणसांपैकी एकालाही तिने कधी गार पाण्याने स्नान करू दिले नाही. स्वतः मात्र ती सर्वांच्या मागून, हंड्याच्या तळाशी जे काही कोमट उरले असेल त्यात भरपूर विसण ओतून, स्नान उरकून घेई.

वडील महसूल खात्यात कारकून होते. त्यांची बदली राजापूरच्या कचेरीत झाली त्या वर्षी आजीचे गुडघे धरले होते, आणि शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या सल्ल्यावरून एका रविवारी आम्ही तिला बैलगाडीने उन्हाळ्यास नेले. ‘उन्हाळे’ हे तेथे ऋतूचे नाव नव्हे, गावाचे आहे. संस्कृत ‘उष्ण’चे आपल्या भाषेत ‘ऊन’ झाले आणि जेथे जेथे भूमीतून ऊन पाणी वर आले तेथे तेथे ते गावांच्या व देवस्थानांच्या नावांत जाऊन बसले: कोकणात उन्हवरे, खानदेशात उनपदेव, नांदेडकडे उनकेश्वर.

त्याच परिसरात, डोंगराच्या वरच्या अंगाला, राजापूरची सुप्रसिद्ध गंगा आहे. ती साधारणतः तीन वर्षांनी प्रकट होते, चौदा कुंडे भरते आणि काही काळाने जशी आली तशी लुप्त होते. ‘गंगा आली’ ही वार्ता पसरताच दूरदूरची माणसे वळकट्या घेऊन निघतात, आणि त्या श्रद्धेविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण खाली जो झरा गोमुखातून रात्रंदिवस धार सोडत असतो, ज्याच्या येण्याची वार्ता कुणी कुणाला द्यावी लागत नाही कारण तो कधी गेलेलाच नसतो, त्याच्याकडे माझे मन अधिक ओढ घेते.

आजीने प्रथम धारेखाली हात धरला आणि सवयीने इकडेतिकडे पाहिले. ती विसण शोधीत होती. परंतु तेथले पाणी चाळीस अंशांच्या आसपासचे, कुणा जाणत्या हाताने आधीच विसणून ठेवावे तसे. मग ती लुगड्यानिशी धारेखाली बसली आणि इतका वेळ बसून राहिली की आई काळजीने दोनदा हाक मारून आली. गाडीत परत बसताना ती वडिलांना म्हणाली, “आज मला कुणी तरी पाणी काढून दिलंन् हो.”

वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीपुढे ते बसलेले मी पाहिले. त्यांना जाळ नीट घालता येत नव्हता.

पुढे मीही त्याच खात्यात शिरलो आणि बदल्यांच्या निमित्ताने कोकणातली पुष्कळशी ऊन पाण्याची स्थाने पाहिली. पालघरकडील कोकनेऱ्यापासून थेट राजापुरापर्यंत, ३०० किलोमीटरांहून अधिक लांब, सह्याद्रीला समांतर अशी ही झऱ्यांची माळ आहे. पावसाचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खोल झिरपते. खाली दर किलोमीटरला भूगर्भाची उष्णता पंचवीस-तीस अंशांनी वाढत जाते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेची वाट धरून वर येते, आणि येताना खडकातील क्षार व कोठे कोठे गंधकाचा उग्र वासही बरोबर आणते. या भूमीत आज कोठेही ज्वालामुखी धगधगत नाही. जळणावाचून, धुरावाचून हे सारे घडते. वसई १७३९ साली सर झाल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देवालय बांधविले. त्याच्या जवळ, तानसा नदीकाठी अकलोलीच्या कुंडांत दमलेली माणसे गळ्यापर्यंत बुडून डोळे मिटून बसलेली मी पाहिली. उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या घरात जाते, तुरळचे साठांच्या. तेथे उगमाशी बोट लावताच ते मागे घ्यावे लागते, आणि प्रत्येक वेळी मला आजीची बादली आठवे.

आजी गेली तेव्हा तिच्या शेवटच्या स्नानासाठी चुलीवर हंडा चढवला होता. पाणी कढले, उतरवले, आणि ते कितपत विसणावे हे घरात कुणालाच नक्की सांगता येईना. आई बादली हातात धरून तशीच उभी राहिली.

गेल्या माघात मी पत्नीला घेऊन पुन्हा उन्हाळ्यास गेलो. तिचेही गुडघे आता धरतात. माझ्या नोकरीच्या सदतीस वर्षांत, आठ गावांच्या आठ न्हाण्यांत, तिने माझ्यासाठी पाणी काढले. आधी चुलीवर, मग बंबात. आता घरात बटण दाबले की पाणी तापते, तरी बादलीत हात घालून पाहिल्याखेरीज ती मला न्हाणीत जाऊ देत नाही. महालक्ष्मीचे दर्शन घेऊन आम्ही गोमुखाशी आलो. गर्दी नव्हती. तिला पायरीवर बसवून मी धारेखाली तांब्या धरला.

“विसण घातलंत का?” तिने विचारले.

“नको,” मी म्हणालो, आणि तांब्या तिच्या पायांवर हळूहळू रिकामा केला.