एक उच्चार, दोन अर्थ

देवनागरीत नुसते ‘नाइट’ लिहिले, तर रात्र समजायची की चिलखत घातलेला सरदार? इंग्रजी ऐकतानाही हाच पेच पडतो आणि तो पुढच्या-मागच्या शब्दांनीच सुटतो.

पूर्वी तो नव्हता. 14व्या शतकात, इंग्रजी कवी चॉसरच्या काळी, सरदाराच्या ‘नाइट’मधला ‘क’ खणखणीत उच्चारला जाई. भेटण्याचे ‘मीट’ आणि मांसाचे ‘मीट’ यांचे स्वरही निराळे होते. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला, स्पेलिंग हळूहळू स्थिरावू लागले. उच्चार मात्र बदलतच राहिले. शब्द जिभेवर एक झाले, कागदावर वेगळेच राहिले.

‘स्टेशनरी’ची गंमत त्याहून न्यारी. मध्ययुगात फेरीवाल्यांसारखे न हिंडता एका जागी दुकान मांडणारे ग्रंथविक्रेते ‘स्टेशनर’ म्हटले जात. त्यांच्याकडचा कागद, शाई ती स्टेशनरी आणि जागेवर उभी असलेली गाडीही स्टेशनरीच! स्पेलिंगमध्ये फरक फक्त ‘ई’ आणि ‘ए’चा.

मराठी कानाची अडचण आणखी वेगळी. आपला ‘व’ एकच. त्यामुळे द्राक्षाची वेल आणि तिची दारू, दोन्ही ‘वाइन’. इंग्रजीत वेलीसाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दारूसाठी ओठ गोल होतात. ‘बेड’ आणि ‘बॅड’ मात्र आपण नीट वेगळे लिहितो. ‘ॲ’ला 2009 च्या शासन निर्णयाने वर्णमालेतही जागा दिली.

अशा जोडीतले शब्द सुटे पाठ करू नयेत. प्रत्येकाचे एकेक वाक्य वहीत लिहावे आणि मोठ्याने वाचावे.