आंब, चुना आणि हिराकस

आमच्या अहमदपूरच्या बाजूला हरभरा फुलोऱ्यात आला की पहाटेच्या पारी रानात अनवाणी शिरायला कोणी धजत नसे. दवासोबत पानांवर आंब धरते. भेगाळलेल्या पायांना ती अशी चुरचुरते की विचारू नका. माय मात्र त्या आंबेची वाटच बघायची. धुतलेला पांढरा फडका रात्री हरभऱ्यावर पसरायचा, उन्हं यायच्या आत उचलून वाटीत पिळायचा, असं चार-पाच रात्री. मग ती बाटली फळीवर. कोणाचं पोट दुखलं की थेंबभर पाण्यात.

त्या आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लं असतात हे मला अकरावी-बारावीला लातूरला शिकूनही कळलं नव्हतं. तिथं समीकरणं पाठ होती. लातूर पॅटर्नला दोष देत नाही, त्यानं माझ्यासारख्या कितीतरी पोरांना गावाबाहेर काढलं. पण आम्ल म्हणजे शिशीतलं काहीतरी, आपल्या हरभऱ्यावर कशाला असेल, असंच डोक्यात होतं.

हा नाद लागला तो नांदेडला नोकरी लागल्यावर. खोली नव्या मोंढ्याजवळ होती. हळदीच्या हंगामात रस्ता, हवा, शर्टाची कॉलर, सगळं पिवळं. एक दिवस शर्ट साबणात टाकला आणि पिवळा डाग लालभडक झाला. आता हे प्रत्येक बाईला माहीत असतं. हळद लागलेलं लुगडं साबणात टाकलं की लाल होतं, आणि हळदीत चुना मिसळूनच तर कुंकू करत होते. साबण आणि चुना दोन्ही आम्लारी जातीचे, म्हणून हळद लाल. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी.

मला त्या हळदीचे कागद करायचे होते. हळद पाण्यात ढवळली तर तळाशी बसली. मेडिकलमधून स्पिरिट आणलं, त्यात चमचाभर टाकली, तर घटकाभरात वरचं पाणी सोन्यासारखं झालं. त्यात टीपकागद बुडवून सावलीत वाळवले. हळदीचा रंग पाण्याला सुटत नाही. स्पिरिटला सुटतो, तेलाला सुटतो. फोडणीत हळद का पसरते, ते तेव्हा उमगलं. गाडीचं वंगण धोतराला लागलं तर दादा रॉकेलचा बोळा का मागायचे आणि परटानं घातलेली बिब्ब्याची खूण भट्टीतूनही का जात नाही, तेही त्यातच आलं. तेलकटाला तेलकटच सोडवतं. (स्पिरिट आणि रॉकेल चुलीपासून लांब. आणि संडास धुवायचं ॲसिड ब्लीचिंग पावडरीत चुकूनही मिसळू नये, क्लोरीन वायू निघतो, जीव जातो.)

सुट्टीत गावी गेलो की कागदांची पुडी सोबत असायची. चुन्याची निवळी, पापडखार, चुलीच्या राखेचं पाणी : सगळीकडे कागद लाल. माय म्हणायची, "काय करायलास रं पोरावानी? राखेनं हात कातरतात ते मला कागदावून कळायचंय का?" तिचं खरंच होतं. वरणात चिंच डाळ शिजल्यावर टाकायची, आधी टाकली तर डाळ दडदडीत राहते, हे तिला कुठल्याही कागदाशिवाय ठाऊक होतं. बोअरच्या जड पाण्यात तूर शिजेना झाली की ती चिमूटभर सोडा टाकायची.

दादांचं रान मात्र कागदाला दाद देईना. खालचा अर्धा एकर चुनखडीचा. सोयाबीन गुडघाभर झालं की शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळानं घर आधीच वाकलेलं. दुकानदारानं सांगितलं, लोह कमी आहे, हिराकस टाका. दोन वर्षं दादांनी उधारीवर हिराकस आणून मातीत टाकला. पिवळं ते पिवळंच.

हळदीचा कागद अशा मातीत नीट बोलत नाही, तिला लाल व्हायला जरा जास्त आम्लारीपणा लागतो. पण बांधावरचा पांढरा खडा उचलून त्यावर लिंबू पिळलं तर बुडबुडे आले. आणि देवाच्या फोटोमागं खोचलेली मृदा आरोग्य पत्रिका मी काढली. सामू 8.3. हा कागद वर्षभर तिथं होता. त्याला उदबत्तीचा वास लागला होता, पण त्यावरचा आकडा कोणी वाचून सांगितला नव्हता.

सामूची मोजपट्टी 1909 साली डेन्मार्कच्या सोरेनसेन नावाच्या माणसानं काढली, तीही बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. 7 म्हणजे मधलं. खाली आम्ल, वर आम्लारी, आणि एकेक पायरी दहापटीची. ओट्यावर बसून दादांना मी एवढंच सांगितलं, "दादा, रानात लोखंड लई हाय. पण चुनखडीत ते विरघळंना. पाण्यात उतरलं न्हाई तर मुळ्या कशा पितील? तुमी टाकलेला हिराकस बी तसाच अडकून बसलाय."

दादा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. त्यात चुना होताच.

"म्हंजे पैसे मातीत गेले."

"मातीत हायत. पिकाला न्हाई भेटले."

"मग पानावरून देऊन बगायचं का?" हे त्यांनीच विचारलं. मला तेच सुचवायचं होतं, पण त्यांच्या तोंडून आलं ते बरं झालं. पंधरा लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम हिराकस आणि 15 ग्रॅम निंबू फूल. नुसता हिराकस पाण्यात ठेवला की गंजून तांबूस गाळ धरतो. निंबू फुलाच्या आंबटानं तो विरघळलेला राहतो. ऊन उतरल्यावर दादांनी पंप पाठीला लावला, मी बादलीनं पाणी दिलं. मायनं विचारलं, "आंबट टाकलं का त्यात?" तिला ते लगेच पटलं.

आठवड्यानं पानांवर जिथं जिथं थेंब बसला होता तिथं हिरवे ठिपके उमटले. पहिल्यांदा बघणाऱ्याला रोग वाटावा असे. दादांनी एक पान तोडून खिशात घातलं आणि दुकानदाराला दाखवायला गेले. परत आले तेव्हा उधारीच्या वहीतून हिराकसाची पुढची नोंद खोडून आले होते.