फोटोतला धा

"तू गाणं ऐकायला जातेस की फोटो काढायला?" हा प्रश्न मला ओळखीच्या प्रत्येकाने एकदा तरी विचारलाय. खरं सांगू? डोळ्याला कॅमेरा लावला की मला जास्त नीट ऐकू येतं. मैफिलीत उजेड कमी आणि फ्लॅश तर मी मारतच नाही, त्याने गाणाऱ्याची तंद्री मोडते. मग शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं आणि हलणारा हात फोटोत पुसट होतो. पण समेवर आल्यावर क्षणभर सगळं थांबतं. तो क्षण पकडायचा तर सम येणार हे आधी कळायला हवं. म्हणजे ऐकणं आलंच!

सतीश पाकणीकरांनी टिपलेल्या गवयांच्या मुद्रा बघून बघून हे वेड लागलं. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला मी जमेल तेव्हा पुण्याला जाते. तिथे मात्र कॅमेरा पिशवीत ठेवून नुसती ऐकते. फोटो काढायला आमचं वेळापूर आहे की!

आषाढी वारीत माउलींची पालखी माळशिरसहून निघते, खुडूस फाट्यावर रिंगण होतं आणि मुक्कामाला आमच्याकडे येते. संध्याकाळी तळावर दिंड्या गोल उभ्या राहतात. शेकडो टाळ, पखवाज, नुसता कल्लोळ. मग चोपदार दंड उंचावून 'होऽऽ' करतात आणि सगळं एकदम शांत! ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. तक्रार ऐकली जाते, हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, मग आरती. त्या शांततेचा फोटो काढायचा मी दरवर्षी प्रयत्न करते. टाळ अर्ध्यावर थबकलेले, घामेजलेले चेहरे एकाच दिशेला वळलेले.

आमचे अण्णा गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. 2016 साली अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. त्यानंतर ते भजनाला जाईनात. कुणी बोलवायला आलं की झोपल्याचं सोंग घ्यायचे. पखवाज खोळीत घालून माळ्यावर गेला. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही, असं न ठरवताच ठरलं.

त्या वर्षी वारीचे फोटो मी कॉम्प्युटरवर बघत बसले होते. अण्णा मागे येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही. एका पखवाजवाल्याच्या फोटोवर म्हणाले, "थांब जरा. हा धा आहे."

"फोटोत कसा कळतो, अण्णा?"

"अगं, दोन्ही पंजे पुडीवर आहेत, दिसत नाही होय? आणि मनगट बघ त्याचं. आखडलंय. रात्रीपर्यंत दुखणार बघ हात."

मग एकेक फोटो. हा नवा, हा मुरलेला, याच्या डाव्या पुडीवरची कणीक वाळलीय. झटक्यानंतर एका बैठकीत इतकं ते पहिल्यांदाच बोलत होते. आई दारात पदर तोंडाला लावून उभी.

तेव्हापासून मी फोटो काढते ते अण्णांनी वाचावेत म्हणून. हातांचे काढते, मनगटांचे काढते. चेहरे सुंदर येतात, पण अण्णांना त्यांचं काय करायचंय! माझ्या भाच्याने पखवाज माळ्यावरून काढला, तेव्हा अण्णा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "थोडी कणीक जास्त मळ."

आता भाचा वाजवतो, मी त्याच्या हाताचे फोटो काढते आणि अण्णा डाव्या हाताच्या बोटाने पडद्यावर चूक दाखवतात. पोरगा कुरकुरतो, "आबा, फोटोत आवाज येत नाही, तरी तुम्हाला चूक कशी दिसते?" अण्णा नुसते हसतात.

गेल्या एकादशीला तो पहिल्यांदा भजनाला साथीला बसला. मी तीनच फोटो काढले. बाकीचा वेळ अण्णांशेजारी बसून ऐकलं. त्यांचा डावा हात मांडीवर ताल धरत होता.