चव लागेपर्यंत

सिगारेट सोडून व्हेप हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एकच तक्रार करतो, चव नाही. बाटलीवर लिहिलेलं असतं एक आणि तोंडात येतं भलतंच. आंबा म्हणावा तर खोकल्याचं औषध, कॉफी म्हणावी तर ओला पुठ्ठा. इथे लेस्टरमध्ये माझ्या ओळखीच्या तिघांनी एवढ्याच कारणावरून व्हेप कपाटात टाकलं आणि पुन्हा सिगारेटचं पाकीट आणलं. त्यामुळे हे जिभेचे चोचले आहेत असं मला वाटत नाही.

भारतात हा सगळा मामला बेकायदा. २०१९च्या सप्टेंबरात वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, विक्री, आयात, जाहिरात, साठवण, सगळ्यावर बंदी. इंग्लंडच्या सरकारनं मात्र २०२३ साली धूम्रपान सोडू पाहणाऱ्या दहा लाख लोकांना व्हेपचे संच देण्याची योजना जाहीर केली. पुण्याला जाताना मी ते यंत्र लेस्टरच्या घरीच ठेवते. आणि पुण्यात विमानतळाबाहेरच्या पहिल्या टपरीवर सिगारेट मात्र सुटीसुद्धा मिळते.

माझी पहिली बाटली तंबाखूच्या चवीची होती. बावीस वर्षं रोज दहा सिगारेटी ओढणारी बाई दुसरं काय घेणार? निघालं ते कॅरॅमल, तेही शिळं. नंतर कळलं की त्या बाटलीत तंबाखूचं पान नसतंच. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि सुगंधी अर्क, एवढाच तो संसार. सिगारेटची चव ही बरीचशी जळण्याची चव असते आणि इथे तर काही जळतच नाही. मग अर्क बनवणारा व्हॅनिला, कॅरॅमल, भाजका दाणा यांतून तंबाखूचं सोंग उभं करतो.

पण माझी तंबाखू सिगारेटच्याही आधीची आहे. आमच्या साताऱ्याकडच्या घरी आजी मिश्री भाजायची. चुलीवर तवा, त्यावर तंबाखूची पानं. ती काळी पडेपर्यंत घरभर असा ठसका उठायचा की आम्ही पोरं अंगणात पळायचो, आणि वासासाठी पुन्हा दारात येऊन उभी राहायचो. मग ती कुटून डबीत. सकाळी घरातल्या सगळ्या बाया बोटानं दातांना लावत ओट्यावर बसायच्या. दिवसभरात निवांत बसण्याची त्यांची तेवढीच वेळ. आत्याही त्यांत असायची. पुढे तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला, तो कॅन्सर निघाला आणि एकसष्टाव्या वर्षी ती गेली. त्या वासाची ओढ आणि त्या वासाची धास्ती माझ्याकडे अशी एकाच डबीतून आली आहे.

आमच्या रस्त्यावरचा व्हेपचा दुकानदार गुजराती, तिशीतला. मी कॅरॅमलची बाटली काउंटरवर ठेवली तेव्हा तो म्हणाला, "बेन, फेकू नका. आधी कॉइल बघा." त्याच्याकडून जे शिकले त्यातलं निम्मं बाटलीबद्दल नव्हतंच. नव्या कॉइलमधला कापूस द्रवानं पुरता भिजायला पाच-दहा मिनिटं द्यायची. कोरडा कापूस एकदा जळला की त्यात अमृत घाला, जळकंच लागणार. ग्लिसरीन जास्त असलेला घट्ट द्रव लहान पॉडच्या कापसात नीट चढत नाही. तिथे निम्मं-निम्मं मिश्रण बरं. शिवाय ग्लायकॉल चव पुढे आणतं, ग्लिसरीन गोडसर असतं, ढग मोठे करतं आणि चव थोडी दाबतं. फळांच्या चवी मंद आचेवर खुलतात, तंबाखू-कॉफीला जरा जास्त ऊब चालते. स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

त्याचं दुसरं सांगणं होतं, थांबा. झाकण घट्ट लावून बाटली अंधाऱ्या खणात ठेवायची, अधूनमधून हलवायची. फळांना एखाददुसरा दिवस पुरतो. कस्टर्ड, व्हॅनिला, तंबाखू यांना दोन-तीन आठवडे. लोणचं मुरतं तसंच हे. रंग थोडा गडद होतो, कारण निकोटिनला हवा लागलेली असते. आणि या दिवसांत आणखीही काही मुरत असतं. सिगारेट सुटली की नाक आणि जीभ हळूहळू परत येतात. पहिल्या आठवड्यात पुठ्ठ्यासारखी लागलेली कॉफी मला दोन महिन्यांनी चक्क कॉफी लागली. बाटली तीच होती.

यानंतरही चव फिकी लागली तरच मिसळायला हात घालावा. दोन बाटल्या एकत्र करणं सगळ्यांत सोपं, फक्त निकोटिनचा हिशोब ठेवायचा. बारा मिलिग्रॅमचे दहा मिलिलिटर आणि बिननिकोटिनचे दहा मिळून सहाचे वीस होतात. अर्क घालायचा तर मोजून. दहा मिलिलिटरला दोन थेंब म्हणजे साधारण एक टक्का. नवशिक्याचा हात सैल असतो, पण अर्क वाढवला म्हणून चव वाढत नाही. इथाइल माल्टॉल नावाचा पदार्थ आहे, जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा वास येणारा. थेंबभर असेल तर कडा गोल करतो, जास्त झाला की बाकी सगळ्या चवींवर पांघरूण घालतो.

एका गोष्टीत मात्र मी कुणाची गय करत नाही. आमच्या मराठी मंडळातले एक काका विचारत होते, किमामाचा थेंब टाकला तर? अत्तर? केकचा इसेन्स? काका, पोटात चालतं ते फुप्फुसात चालत नाही. तेलकट काहीही नको. तेल फुप्फुसात गेलं की सूज येते. २०१९ साली अमेरिकेत व्हेपमुळे माणसं दगावली, तिथे गांजाच्या अर्कात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे तेलकट द्रव्य मुख्य कारण ठरलं. साखर आणि मध कॉइलवर जळून बसतात. लोण्याचा वास देणारं डायॲसिटिल खाण्यात चालतं, पण पॉपकॉर्नच्या कारखान्यांत त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांची फुप्फुसं कायमची निकामी झाली. व्हेपसाठी बनवलेलाच अर्क घ्यावा आणि त्यात काय आहे ते वाचावं. हेही निर्धोक नाहीच, सिगारेटपेक्षा कमी घातक एवढंच.

तो भाजका वास मला अखेर सापडला. ॲसिटाइल पायराझिन म्हणतात त्याला. भाजक्या दाण्यांत, पॉपकॉर्नमध्ये त्याच जातीचा वास असतो. त्या शिळ्या कॅरॅमलच्या बाटलीत पातळ केलेला एकच थेंब टाकला आणि तीन आठवडे वाट पाहिली. अगदी आजीचा तवा नव्हे, पण दारात उभं राहून येणारा वास होता खरा. मी बराच वेळ नुसतीच बाटली हुंगत बसले.

लेक कॉलेजात आहे. तिच्या वर्गातल्या मुली कलिंगडाच्या, बबलगमच्या व्हेप सिगारेटला कधीही न शिवता ओढू लागल्या. एकदा वापरून फेकायच्या त्या नळ्यांवर जून २०२५पासून बंदी आली, तरी भरायच्या मिळतातच. ती म्हणाली, "आई, इतकी छान जमवलीस तर सोडणार कधी?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. चव बिघडलेली असती तर मी कधीच पाकिटाकडे परत गेले असते, हे खरं. चव जमली म्हणून मी अजून इथेच आहे, हेही खरं.

तेव्हापासून दर मिश्रणात अर्क तेवढाच ठेवते आणि निकोटिन उतरवते. बारावरून सहा, सहावरून तीन. दर उतारावर दोन-तीन दिवस चिडचिड होते, घरातले सांभाळून घेतात. सध्या खणात आहे ती दीडची. झाकणावर तारीख घातली आहे. उघडायला अजून नऊ दिवस आहेत.